पिवळी फाईल

सप्टेंबर २००८ मधली गोष्ट. नवरात्र दोन आठवड्यांवर आलं होतं. मांजलपूरच्या चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडून मंदाकिनीबाई कर्णिक स्कूटीला किल्ली लावत होत्या, तेवढ्यात त्यांना त्यांचंच गाणं ऐकू आलं.

रस्त्यापलीकडच्या सीडीवाल्याने फुटपाथवर दोन मोठे स्पीकर मांडले होते. मशीनचा ढोल धडधडत होता, त्यावर बासरीसारखं काहीतरी, आणि मध्येच ते शब्द: ‘पाणियारे दीवो मेल्यो, मा, तारा नामनो रे.’ घरातल्या पाण्याच्या माठांपाशी, आई, तुझ्या नावाचा दिवा ठेवला. शब्द मंदाकिनीबाईंचे, चालही त्यांचीच. गाणारा कोण हे कळायला त्यांना दुसरी ओळ ऐकावी लागली नाही. त्या आवाजाला नऊ वर्षं त्यांनीच वळण लावलं होतं.

मंदाकिनीबाईंचं वय चोपन्न. जन्म बडोद्यातला, आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती अशा वाढलेल्या बाईने गुजरातीत गरबा लिहावा यात बडोद्यात कुणाला नवल वाटत नाही. मांजलपुरातल्याच ‘गानवेल’ या संगीतवर्गात त्या अठरा वर्षं गायन शिकवत होत्या. हा गरबा मात्र त्यांनी वर्गासाठी केला नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आईला पक्षाघात झाला आणि बोलणं गेलं. बोलता येईना, पण गुणगुणता येत होतं, तेही फक्त चार स्वर, सा ते म. त्याच्या वर गळा जात नव्हता. म्हणून मंदाकिनीबाईंनी चारच स्वरांची चाल बांधली. आई गेली त्या आठवड्यापर्यंत दोघी मिळून ती म्हणत असत. नंतर एकदा, मन भरून आलं म्हणून, त्यांनी ती वर्गात मुलांना शिकवली.

स्पीकरवरच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला तो आवाज चार स्वर ओलांडून थेट वरच्या षड्जावर जाऊन किंचाळला. मंदाकिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या रस्ता ओलांडून दुकानात शिरल्या. सीडीच्या वेष्टनावर अनीश दिघेचा फोटो होता, डोळ्यांवर काळा चष्मा. खाली छापलं होतं: गीत, संगीत, स्वर — अनीश.

“लई जाओ बेन,” दुकानदार कौतुकाने म्हणाला, “आ वर्षे आ ज चालवानुं छे.” म्हणजे यंदा हीच खपणार.

त्यांनी सीडी घेतली. बाहेर येऊन उन्हात उभ्या राहिल्या, आणि घरी जायच्याऐवजी स्कूटी वर्गाकडे वळवली.

गानवेलचे अध्यक्ष फत्तेसिंहराव शिर्के ऑफिसात बसले होते. त्यांचे पणजोबा सरकारी फौजेत होते आणि फत्तेसिंहराव अजून त्याच आवाजात बोलत. सीडी हातात घेऊन त्यांनी फोटो नीट पाहिला.

“अरे वा! आपला अनीश!”

“फोटो नका बघू. खाली काय लिहिलंय ते वाचा.”

त्यांनी वाचलं. “बरं, मग? अहो मंदाताई, यात एवढं रागावण्यासारखं काय आहे? मुलगा आपल्या वर्गाचा. नाव झालं तर वर्गाचंच होणार.”

“नाव त्याचं झालंय. गाणं माझं आहे.”

“पण तुम्ही कुठे सीडी काढणार होतात?”

चोरी झालेल्या माणसाला ‘तुम्ही ती वस्तू वापरत कुठे होता’ असं कुणी विचारत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र सगळे हेच विचारतात, आणि चांगली माणसं विचारतात. फत्तेसिंहराव वाईट नव्हते. त्यांना भांडण नको होतं एवढंच.

“असं करू,” ते म्हणाले. “सध्या ते कॉपीराइटचं फार ऐकू येतं. शनिवारी मुलांना तासभर सांगा. दुसऱ्याचं गाणं न विचारता घेऊ नये, इंटरनेटवर कसं वागावं, वगैरे. छान कार्यक्रम होईल. पेपरात फोटो देऊ.”

मंदाकिनीबाई हो म्हणाल्या. फोटोसाठी नाही. त्यांना मुलांसमोर बोलायचंच होतं.

सोसायटीत खाली एक वकील राहत. त्यांच्याकडून त्यांनी सगळं समजून घेतलं, वहीत लिहून काढलं. गाण्याचे शब्द एकाचे असतात, चाल एकाची आणि रेकॉर्डिंग आणखी कुणाचं. हे तीन वेगळे हक्क. कुठे नोंद केली नसली तरी चाल बांधली त्या दिवसापासून ती बांधणाऱ्याची. नेटवर सापडली म्हणून ती बेवारशी होत नाही. हे लिहिताना त्यांचं पेन इतकं दाबलं जात होतं की मागच्या पानावर अक्षरं उमटली.

शनिवारी चार वाजता चौदा मुलं सतरंजीवर बसली. मंदाकिनीबाईंनी तंबोरा काढलाच नाही.

“माझा पाणियाऱ्याचा गरबा कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये आहे?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक हात वर झाला. चौदाच्या चौदा.

“कुणी दिला?”

ह्याने त्याला ब्लूटूथवर पाठवला होता, त्याने तिला. कुणाला यूट्यूबवर सापडला होता, वर एका मंदिराचं चित्र होतं आणि नाव कुणाचंच नव्हतं. उलट उलट जात गोष्ट मितालीपाशी येऊन थांबली. मिताली एकोणीस वर्षांची, कधी मान वर करून न बोलणारी मुलगी. ती उभी राहिली तेव्हाच तिचे डोळे भरले होते.

“ताई, मी केलं होतं रेकॉर्ड. तुम्ही शिकवत होतात तेव्हा. ओढणीखाली फोन धरून. मला फार आवडलं होतं. आणंदच्या मावसभावाला पाठवलं, त्याने नेटवर टाकलं.”

“आवडलं तर मला विचारायला काय झालं होतं?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात तर?”

“तर नाही!” मंदाकिनीबाई ओरडल्या. “नाही म्हणायचा मला हक्क आहे की नाही? तुझ्या डब्यातली पोळी मी न विचारता खाल्ली तर तू म्हणशील, ताईंना भूक लागली होती. पण तुझ्या बापाची सही मी माझ्या कागदावर केली तर? गाण्यावरचं नाव म्हणजे सहीच असते. ते गाणं मी कुणासाठी केलं, त्यात चारच स्वर का आहेत, हे तुमच्यापैकी एकाला तरी माहीत आहे? एकानेही विचारलं?”

तेवढ्यात दार लोटून अनीश आत आला. मागे फत्तेसिंहराव, हातात कॅमेरा. फोटोत वर्गाचा यशस्वी विद्यार्थी हवा म्हणून त्यांनीच त्याला बोलावलं होतं आणि कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

“ताई, नमस्कार,” म्हणत तो पायाला हात लावायला वाकला. मंदाकिनीबाईंनी पाय मागे घेतले.

“सीडीवर काय लिहिलंयस?”

तो सरळ उभा राहिला. बावीस वर्षांचा, सुभानपुऱ्यात वाढलेला, वर्गातला सगळ्यात तयार गळा. चौदा जोडी डोळे त्याच्याकडे लागलेले.

“ताई, आपण नंतर बोलू.”

“आत्ता बोलू. यांच्यासमोर.”

“कंपनीवाल्याने विचारलं, संगीतकार कोण. नेटवर नाव नव्हतं कुणाचं.”

“तुला माहीत नव्हतं? तू ह्याच सतरंजीवर बसून शिकलास.”

“माहीत होतं,” तो म्हणाला. “पण तुमचं नाव दिलं असतं तर त्याने पत्र मागितलं असतं, सही मागितली असती. नवरात्र डोक्यावर आलेलं. आणि ताई, तुम्हीच म्हणता ना, विद्या गळ्यातून गळ्यात जाते. तशी माझ्या गळ्यात आली.”

“गळ्यात आली. नावात कशी आली?”

अनीशचा चेहरा लाल झाला. मितालीसारखा तो रडणाऱ्यातला नव्हता. तो भिंतीतल्या कपाटापाशी गेला, खालच्या फळीवरून एक जाडजूड पिवळी फाईल काढली आणि सतरंजीवर आपटली.

“मग ही कुणाची? पंधरा वर्षं तुम्ही आम्हाला यातून शिकवलंत. सगळी झेरॉक्स. नाव कुठे आहे यात? आम्ही सगळे समजत होतो की चाली तुमच्या आहेत. स्पर्धेत मी यातलं गाणं म्हटलं तेव्हा निवेदक म्हणाला, संगीत मंदाकिनी कर्णिक. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. हसलात. तुम्ही कुणाची सही आणली होती, ताई?”

फत्तेसिंहराव कॅमेरा खाली धरून उभे होते. मंदाकिनीबाईंना अनीशच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात खरोखर वर आला होता. तो त्यांनी खाली घेतला.

“आजचा वर्ग संपला,” त्या म्हणाल्या.

फाईल त्यांनी घरी आणली. राग अनीशवरच होता, तो कमी होत नव्हता. पण आता त्या रागाला बसायला जागा मिळेना. मुलगा उद्धट होता, चोर होता आणि खरं बोलला होता.

फाईलमध्ये काय आहे ते त्यांना पाठ होतं. १९९३ साली एका ओळखीच्या शिक्षिकेने त्यांना दोन दिवसांसाठी एक पुस्तक दिलं होतं. मुलींच्या शाळेसाठी बांधलेली चाळीस गाणी, स्वरलिपीसह. सुरेख चाली. स्टेशनरीच्या दुकानातल्या एकुलत्या एका झेरॉक्स मशीनवर त्यांनी सगळी गाणी काढून घेतली. मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं सोडून दिली, कारण त्यांत गाणी नव्हती. त्यांत फक्त नाव होतं. विजयमाला घोरपडे, डभोई. पहिली दोन-तीन वर्षं त्या मुलांना नाव सांगत असत. मग सांगायचं राहून जाऊ लागलं. मग कुणी ‘ताई, किती छान चाल आहे तुमची’ म्हणालं की खोडून काढायचंही राहून जाऊ लागलं. आणि त्या स्पर्धेत त्या हसल्या होत्या, हे तर खरंच होतं.

रविवार त्यांनी कसाबसा काढला. सोमवारी सकाळी पिशवीत फाईल घालून त्या डभोईच्या बसमध्ये बसल्या.

पुस्तक डभोईच्याच एका छापखान्यात छापलेलं होतं, एवढं त्यांच्या लक्षात होतं. त्या जागी आता फ्लेक्सचे बॅनर छापणारा बसत होता. “घोरपडे टीचर?” तो म्हणाला. “जीवे छे ने. बियांच्या दुकानावर राहतात, दुसऱ्या मजल्यावर.”

जिवंत आहेत. मंदाकिनीबाई जिन्याच्या पायरीवर थांबल्या. पंधरा वर्षांत हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. पुस्तकावरचं नाव म्हणजे होऊन गेलेलं माणूस असं त्या धरून चालल्या होत्या.

विजयमालाबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. खिडकीपाशी बसून गवार मोडत होत्या. मंदाकिनीबाईंनी स्वतःची ओळख सांगितली, फाईल काढून समोर ठेवली आणि जे झालं होतं ते एका दमात सांगून टाकलं. म्हाताऱ्या बाईने चष्मा लावून पानं उलटली. फार वेळ उलटली.

“माझी पाटी कुठे गेली?”

“पाटी?”

“माझं नाव, गं. पुढची पानं.”

“ती... ती काढली नव्हती मी.”

“का?”

“त्यांत गाणी नव्हती.”

विजयमालाबाईंनी चष्मा काढला. आवाज चढला नाही, पण एकेक शब्द दगडासारखा येऊ लागला.

“पाचशे प्रती छापल्या होत्या मी. निवृत्त झाले त्या वर्षी. पिशवीत घालून बडोद्याला यायची, शाळाशाळांतून, गाण्याच्या वर्गांतून फिरायची. गाणी वाईट आहेत असं कुणी म्हणालं नाही. सगळ्यांचं एकच उत्तर, ‘बाई, हे आमच्याकडे आहे.’ मला कळेना. आहे म्हणजे कुठून आहे? पुस्तकं तर माझ्या पलंगाखाली पडलीत! मला वाटायचं, खोटं बोलतात, म्हातारीला कटवतात. दहा वर्षं फिरले मी. मग वाळवी लागली.” त्यांनी फाईलवर बोट आपटलं. “आज कळलं. हे होतं त्यांच्याकडे.”

मंदाकिनीबाईंच्या हाताखालून गेलेल्या मुली पुढे शाळांतून शिकवायला लागल्या होत्या. जाताना प्रत्येकीने त्या फाईलची एकेक झेरॉक्स नेली होती. ‘घेऊन जा गं, विद्या वाटल्याने वाढते,’ असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, आणि आपल्या मोठ्या मनाचं त्यांना तेव्हा बरं वाटलं होतं.

“बाई, माझी चूक—”

“थांब. चूक किती आहे ते अजून बघायचंय. हे म्हण.” त्यांनी एक पान पुढे केलं. दिवेलागणीची छोटी प्रार्थना होती, फाईलमधलं सगळ्यांत आवडतं गाणं. गानवेलच्या प्रत्येक मुलाला ती यायची.

मंदाकिनीबाईंनी गायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर विजयमालाबाईंनी गवारीची परात बाजूला सारली.

“बंद कर! कोमल रिषभ कुठे गेला?”

“कोमल? बाई, इथे शुद्ध रिषभ लिहिलाय.”

“कुठे लिहिलाय? दाखव!”

मंदाकिनीबाईंनी पान दाखवलं. स्वरलिपीत ‘रे’ अक्षराखाली बारीक आडवी रेघ असली तर तो स्वर कोमल, म्हणजे जरा उतरवून म्हणायचा. रेघ नसली तर शुद्ध. पानावर रेघ नव्हती. विजयमालाबाई भिंतीला धरून उठल्या, लोखंडी पेटीतून पुस्तक आणलं. वाळवीतून वाचलेली एकच प्रत होती ती. तेच पान उघडलं. प्रत्येक ‘रे’खाली केसाएवढी बारीक रेघ होती.

झेरॉक्समध्ये ती आलीच नव्हती. १९९३ च्या त्या मशीनने खाऊन टाकली होती, आणि झेरॉक्सवरून झेरॉक्स काढताना जी काही धूळ उरली तीही गेली.

“दिवेलागणीला मूल घाबरतं, आईला शोधतं, म्हणून तो स्वर उतरवलाय मी,” विजयमालाबाई म्हणाल्या. “अख्ख्या गाण्याचा जीव आहे त्यात. पंधरा वर्षं बडोद्यातली पोरं हे वाजंत्रीसारखं ठणाणा गाताहेत? आणि तू, गाणं शिकवणारी बाई, तुला खटकलं नाही? एक पोस्टकार्ड टाकलं असतंस, ‘बाई, हा रिषभ कोणता?’ तर मी उलट टपाली कळवलं असतं. पण विचारायचं कुणाला? नाव तर तू बाहेर ठेवलंस!”

मंदाकिनीबाई वाकून त्यांच्या पायांशी हात नेऊ लागल्या.

“ते नको. पाया पडून मोकळी होऊ नकोस. बस. नीट शिकून घे आधी.”

आणि त्यांनी शिकवलं. दोन तास. रागातच शिकवलं. एकेक ओळ दहा-दहा वेळा म्हणून घेतली, चुकलं की परातीच्या कडेवर हात आपटला. चोपन्न वर्षांच्या मंदाकिनीबाई शाळकरी मुलीसारख्या गात राहिल्या. रिषभ जागेवर बसला तेव्हा गाणं अंधारल्यासारखं झालं. इतकी वर्षं हे आपल्या हातात होतं आणि आपण ते ऐकलंच नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, “बाई, मी आता काय करू?”

“मला शाल नको नि नारळ नको. ज्या ज्या पोराला हे दिलंस त्याला सांग कुणाचं आहे. आणि चुकीचं शिकवलंस तेही सांग.”

“शंभर-सव्वाशे मुलं होतील.”

“मग सव्वाशेंना सांग.”

बुधवारी वर्ग होता. मंदाकिनीबाईंनी मुलांना काहीही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं, स्पर्धेतलं हसू धरून. काही मुलं खाली बघत राहिली. ताईंना असं बोलताना बघणं त्यांना अवघड जात होतं.

“म्हणून अनीश सुटला असं समजू नका,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी केलं म्हणून त्याचं माफ होत नाही आणि त्याने केलं म्हणून माझं. शनिवारी मी तुम्हाला कायदा सांगत होते. तो वहीत आहे, उतरवून घ्या. पण त्याच्या आधीचं ऐका. गाणं हातात आलं की पहिला प्रश्न, कुणाचं? दुसरा, त्यांना विचारलं का? नेटवर नाव दिसलं नाही तर नाव नसतं असं नाही. आपण शोधलं नाही असा त्याचा अर्थ. आणि शोधत नाही तोवर आपण काय गातोय तेही आपल्याला कळत नाही. मला नाही कळलं.”

मग त्यांनी प्रार्थना शिकवली, कोमल रिषभासकट. जुनी सवय मोडायला मुलांना फार जड गेलं.

सव्वाशे मुलं शोधायला मिताली पुढे आली. तिने ऑर्कुटवरून गानवेलचे जुने विद्यार्थी गोळा केले. मंदाकिनीबाई सांगत, ती टाईप करी. कुणी कौतुकाची उत्तरं पाठवली, कुणी लिहिलं, ‘ताई, आता काय फरक पडतो?’ एकाने, ‘म्हणजे आमची पहिली बक्षिसं परत करू का?’ असं लिहून हसण्याचं चिन्ह टाकलं. मंदाकिनीबाई संतापाने खुर्चीतून उठल्या. मग परत बसल्या आणि म्हणाल्या, “लिही, बक्षीस ठेव. नाव दुरुस्त कर.” मितालीने मावसभावाशी भांडून यूट्यूबवरचं ते रेकॉर्डिंगही काढायला लावलं. भाऊ अजून तिच्याशी बोलत नाही.

अनीशला मंदाकिनीबाईंनी खालच्या वकिलांकडून नोटीस पाठवली, आणि सीडीच्या कंपनीलाही. फत्तेसिंहराव हात जोडायचे बाकी राहिले होते, “अहो, आपलंच पोर आहे, वर्गाची शोभा होईल.” “शोभा झालीच आहे,” त्या म्हणाल्या. नवरात्रात बडोद्यातल्या मैदानांवर ते गाणं अनीशच्या नावानेच वाजलं, त्याला काही इलाज नव्हता. मंदाकिनीबाईंनी नऊ दिवस घराच्या खिडक्या लावून घेतल्या. दिवाळीनंतरच्या प्रतींवर त्यांचं नाव आलं. बारीक टाइपात, पण आलं. अनीश एकदाही भेटायला आला नाही. त्याने वर्ग सोडला. त्याची आई भाजीच्या हातगाडीपाशी दिसली की तोंड फिरवते. इतका चांगला गळा गेला याचं मंदाकिनीबाईंना वाईट वाटतं. नोटीस पाठवल्याचं वाटत नाही.

जानेवारीत गानवेलचा वार्षिक कार्यक्रम झाला. फाईलमधली अकरा गाणी, दुरुस्त करून, विजयमालाबाईंच्या लेखी परवानगीने. त्यांना आणायला मंदाकिनीबाई स्वतः डभोईला गेल्या. दुपारी चारचा कार्यक्रम. दोनशे माणसांनी हॉल भरला होता. फत्तेसिंहरावांनी फेटा बांधला होता आणि दारात उभे राहून ते प्रत्येकाला कार्यक्रमाची छापील पत्रिका देत होते.

विजयमालाबाईंनी पत्रिका घेतली, चष्मा लावला, वाचली, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीपाशी उभ्याच राहिल्या.

“हे कोण?”

पत्रिकेवर छापलं होतं: ‘गीत-संगीत: विजयाबाई घोरपडे.’

मजकूर मंदाकिनीबाईंनी बिनचूक लिहून दिला होता. छपाई फत्तेसिंहरावांकडे होती.

“अहो, छापखान्याची चूक,” फत्तेसिंहराव धावत आले. “विजया काय, विजयमाला काय, सगळ्यांना कळतंय की आपणच.”

“मला नाही कळत,” विजयमालाबाई म्हणाल्या. “ही विजयाबाई कोण ते मला माहीत नाही. तिला बोलवा. ती बसेल स्टेजवर.”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. फत्तेसिंहराव मंदाकिनीबाईंकडे वळले, हळू आवाजात म्हणाले, “मंदाताई, समजवा ना जरा. पाहुणे बसलेत. माइकवर दुरुस्ती सांगून टाकू.”

मंदाकिनीबाईंनी त्यांच्या हातातला पत्रिकांचा गठ्ठा काढून घेतला.

“माइकवरचं हवेत जातं. लोक घरी नेणार ते हे आहे. मिताली, पेनं आण. ज्याच्याकडे असतील तेवढी.”

“मंदाताई, दोनशे पत्रिका आहेत!”

“मग दोनशे.”

मुलं रांगांमधून फिरू लागली. पाहुण्यांच्या हातातल्या पत्रिका मागून घेत, गुडघ्यावर, तबल्याच्या पेटीवर, एकमेकांच्या पाठीवर ठेवून ‘विजया’चा काना खोडून, पुढे काकपदाची खूण घालून ‘माला’ लिहू लागली. काही पाहुण्यांनी स्वतःच खिशातून पेनं काढली. मागच्या रांगेतला एक गृहस्थ घड्याळ बघत निघून गेला. साडेचार झाले, पावणेपाच झाले. विजयमालाबाई उभ्याच होत्या, काठीवर दोन्ही हात ठेवून. कुणी खुर्ची पुढे केली तर नको म्हणत होत्या. फेटा काढून खुर्चीवर ठेवून फत्तेसिंहरावही शेवटी एक गठ्ठा घेऊन पायरीवर बसले आणि घाम पुसत लिहू लागले.

त्यांची पहिली पत्रिका विजयमालाबाईंनी मागून घेतली.

“अक्षर वाचता येत नाही,” त्या म्हणाल्या आणि परत दिली. “नीट लिहा.”